बीडचा रेफ्री आणि मॅचचं मानधन

जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या फुटबॉल रेफ्रीची कमाई मॅचवर असते. ड्युटी लागली की मानधन आणि प्रवासभत्ता. पावसाने मैदान चिखलात गेलं, स्पर्धा पुढे ढकलली किंवा मांडीचा स्नायू दुखावला, की तेवढे पैसे बुडाले. म्हणून रेफ्री पोटासाठी दुसरं काम करतो. शालेय स्पर्धांत तर पीटीचे सरच शिट्टी गळ्यात अडकवतात.

हे फुटबॉलपुरतं नाही. मुंबईचे पिलू रिपोर्टर क्रिकेटच्या १४ कसोटींत पंच होते आणि नोकरी करत होते वीज मंडळात. २०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालवणारे हॉवर्ड वेबही मूळचे पोलीस. इंग्लंडने २००१ मध्ये वरच्या फळीतल्या रेफ्रींना पगारी केलं, तेव्हा कुठे त्यांना सराव, विश्रांती आणि दुखापतीचे उपचार कामाचाच भाग म्हणून मिळू लागले.

आता बीडच्या शाळेत पीटी शिकवणाऱ्या एखाद्या तरुणाचा विचार करू. त्याला आधी नियमांची लेखी परीक्षा द्यावी लागते, मग शारीरिक चाचणी. जिल्ह्यातून राज्याच्या यादीत, तिथून राष्ट्रीय आणि अखेर फिफाच्या यादीत. या शेवटच्या यादीसाठी मुख्य रेफ्रीचं वय किमान २५ लागतं आणि नाव दरवर्षी नव्याने पाठवावं लागतं.

वरच्या पातळीवर पुरुष रेफ्रीची चाचणी अशी असते: ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांत. नंतर ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, आणि हे ४० वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. शाळा सुटल्यावर, उन्हाळ्यात तर पहाटेच, हा सराव करायचा. त्या तासांचं मानधन कुणी देत नाही. नियमांतले बदलही दरवर्षी पाठ करायचे. २०२५ पासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो.

खरी अडचण मात्र मॅचच्या संख्येची. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ गर्दी खेचतात. मुंबईत, पुण्यात अनेक गटांच्या लीग चालतात. तिथला नवखा रेफ्री घराजवळ मॅच करतो, चुकतो, वरिष्ठांकडून ऐकून घेतो आणि पुढच्या मॅचला सुधारतो. बीडच्या मुलाला त्यासाठी पुणे गाठायचं तर एसटीने पाच-सहा तास. नव्वद मिनिटांच्या मॅचपायी दोन दिवस जातात, शाळेत रजा टाकावी लागते, तासावर पगार असेल तर तोही जातो. बीड शहरात रेल्वे आली तीही १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरपर्यंत. प्रवासभत्त्यात तिकीट निघतं, बुडालेला दिवस निघत नाही. मॅच कमी म्हणून अनुभव कमी, आणि अनुभव कमी म्हणून मोठी ड्युटी लागत नाही. गुणी मुलं इथेच गळतात, आणि मला ते फार लागतं. बीड जिल्ह्यातल्याच मांडव्याच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिक गाठलं. पळणाऱ्या पायांचा दुष्काळ या जिल्ह्यात नाही.

सुरक्षेचंही तसंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीनंतर मल्ल शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. तिथे कॅमेरे होते, मोठी संघटना होती. तालुक्याच्या मैदानावर निर्णय पटला नाही की चिडलेल्या गर्दीतून रेफ्रीला एकट्याने वाट काढावी लागते. मानधन ठरवताना हा धोका कोण मोजतं?

माझ्या मते सुरुवात तीन गोष्टींनी व्हावी. प्रवासाचा दिवस कामाचा दिवस धरावा. प्रत्येक नोंदणीकृत रेफ्रीचा अपघात विमा आयोजकांनी काढावा. आणि ड्युटीचं पत्र निदान पंधरा दिवस आधी शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत पोचावं, म्हणजे सरांना रजेसाठी हात जोडावे लागणार नाहीत. यातली पत्राची गोष्ट तर फुकट होण्यासारखी आहे. येत्या हंगामापासूनच ती करता येईल.