कमी दिसते म्हणून शाळा सोडवू नका

पोराला फळ्यावरचे दिसत नाही, गुरुजी रागावतात, मार्क कमी पडतात. मग घरात ठरते, 'याच्या नशिबी शाळा नाही, गुरांमागे जाऊ दे.' राजूर परिसरातील पालक बंधुभगिनींनो, असे ठरवण्याआधी जरा थांबा.

आधी डोळे तपासून घ्या. पुष्कळ मुलांचे काम चष्म्याने भागते. चष्मा लावूनही पुरेसे दिसत नसेल, तर ती अल्पदृष्टी. कायद्याच्या मोजणीत ६/१८ नजर म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० फुटांवरून दिसणारे अक्षर या मुलाला २० फुटांवर यावे तेव्हा दिसते. असे मूल आंधळे नव्हे आणि मठ्ठही नव्हे. विहिरीला पाणी कमी म्हणून आपण सारे रान पडीक टाकत नाही. आहे ते पाणी बेताने वापरतो. नजरेचेही तसेच आहे.

मूल फळ्यापासून १२ फुटांवर बसत असेल तर ६ फुटांवर बसवावे. अक्षर दुप्पट मोठे दिसते. उजेड बाजूने यावा, समोरून डोळ्यांवर नको. वहीच्या रेघा ठळक, पेन काळे व जाड असावे. पुस्तक तिरक्या फळीवर ठेवले की मान अवघडत नाही. पुस्तक डोळ्यांजवळ धरल्याने नजर बिघडत नाही, तेव्हा त्यावरून रागावू नका.

भिंग मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. जास्त शक्तीचे भिंग कागदाच्या जवळ धरावे लागते आणि एका वेळी थोडीच अक्षरे दिसतात. सवय होईपर्यंत धीर धरावा. फळ्यासाठी एका डोळ्याने पाहायची छोटी दुर्बीण मिळते. घरच्या मोबाईलवर धड्याचा फोटो काढून अक्षर मोठे करता येते, मजकूर मराठीत वाचून घेता येतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुस्तके व योग्य साधनेही १८ वर्षांपर्यंत मोफत द्यावीत, असे त्यात सांगितले आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढा आणि मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा. मूल आश्रमशाळेत असेल तर अधीक्षकांनाही सांगा. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

मुलगी असली तरी हेच करा. तिला कमी दिसते म्हणून चुलीपाशी बसवू नका. पुढच्या बाकावर बसवा.