सहलीला जाताना पाणी तोडू नका



अठ्ठावीस वर्षे मी नर्सचे काम केले आणि लोकांना "पाणी प्या, पाणी प्या" म्हणत आले. तरी गेल्या जूनमध्ये मीच फसले.

मुलाकडे इंग्लंडला गेले होते. त्याने ईशान्य किनाऱ्यावरच्या सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांची सहल ठरवली. बोटीत शौचालय नसेल या धास्तीने सकाळी अर्धा कप चहा घेतला, नंतर पाण्याला शिवले नाही. लघवीची गोळी मात्र नेमाने घेतली.

खडकांवर लोळणारे सील बघत आम्ही इनर फार्न बेटावर उतरलो. तिथे पफिन पक्षी जमिनीत बिळे करून राहतात. रंगीत चोचीत बारीक चंदेरी मासे आडवे धरून एक पफिन अगदी माझ्या पायाजवळ उतरला. बघायला वाकले, चटकन उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने धरले म्हणून कंबरेचे हाड वाचले. त्याने मला आडवे करून पाय पिशवीवर ठेवले. शुद्धीत होते, म्हणून घोट घोट पाणी दिले.

वय वाढले की तहान कमी लागते आणि मूत्रपिंडे पाणी पूर्वीसारखे धरून ठेवत नाहीत. त्यात लघवीची गोळी. शरीरात पाणी कमी असले की एकदम उठताना प्रेशर उतरते. दिमोन्यात खामसिन सुटला की आपण बाटली सोडत नाही. पण थंड वाऱ्यात घाम जाणवत नाही, शिवाय थंडीने लघवी जास्त होते.

म्हणून निघण्याआधी कुपत खोलीमच्या डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ त्या दिवशी बदलता येईल का. मनाने बंद करू नका. हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, त्यांनीही विचारावे. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडूही शकते. बोटीत मधोमध बसून लांब क्षितिजाकडे पाहिले तर मळमळ कमी होते.

आणि टोपी न्या! तिथले आर्क्टिक टर्न पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर टोचा मारतात. मला दोन बसल्या.

परतल्यावर कळले, बंदराजवळच शौचालय होते. निघताना मी कुणाला विचारलेच नव्हते.