बिघडलेली दुरुस्ती, धोक्यातील नेमबाज

रायफलच्या नळीवर केलेली सदोष दुरुस्ती दोन प्रकारे भोवते. गोळी बाहेर पडण्याच्या तोंडाची कड तिरकी कापली गेल्यास वायू एका बाजूने आधी निसटतो आणि नेम चुकतो. लेथवर कड पुन्हा समतल करून हा दोष दूर होतो.

काडतूस बसण्याची जागा प्रमाणापेक्षा खोल कोरली गेल्यास मात्र गाठ जिवाशी असते. मागून पुरेसा आधार न मिळाल्याने पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. वापरलेल्या पुंगळीवर बुडाजवळ उमटलेली चकाकती गोलाकार रेघ ही त्याची पूर्वसूचना ठरू शकते. अशी रायफल पुन्हा झाडू नये. पुंगळ्या जपून ठेवाव्यात आणि दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडून गेजने तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा नळी मागील बाजूने थोडी कापून ती जागा नव्याने कोरता येते. नळी फुगली वा तडकली असल्यास ती बदलण्यावाचून पर्याय नसतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायास परवाना आवश्यक आहे, तर कलम ६ नुसार परवान्याविना नळी आखूड करण्यास मनाई आहे. त्यामुळे घरगुती प्रयोग जिवावर बेततो, तसाच कायद्याच्या कचाट्यातही सापडतो.