खेकड्याची वेदना आणि माणसाची दखल

कोणत्या जिवाच्या हिताची नैतिक दखल घ्यावी, हे त्याच्या बुद्धीवर किंवा वाणीवर नव्हे, तर दुःख भोगण्याच्या क्षमतेवर ठरते, असे प्रतिपादन इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केले. पण मुक्या जिवात ती क्षमता ओळखायची कशी, हा प्रश्न शिल्लकच राहिला. इजा होताच अंग आखडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे कोणत्याही अनुभूतीविना घडू शकणारी मज्जासंस्थेची आपोआप हालचाल, असू शकते, तर वेदना म्हणजे ती इजा प्रत्यक्ष जाणवणे.

हा भेद पारखण्यासाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिकाम्या शंखांत राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आतच विजेचे सौम्य धक्के दिले. नावडत्या जातीच्या शंखातील खेकडे बाहेर पडण्याचे प्रमाण अधिक होते, आवडत्या शंखातील खेकडे मात्र धक्का सोसूनही अधिक संख्येने आतच राहिले; आणि असा धक्का सोसलेल्यांपुढे नवा शंख ठेवला, तेव्हा ते त्याची फारशी चाचपणी न करता लवकर त्यात शिरले. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया घराचे मोल पाहून बदलण्याचे कारण नाही. अर्थात हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण दुसऱ्याची अनुभूती थेट मोजणारे उपकरण अस्तित्वात नाही.

मात्र निर्णायक पुराव्याची वाट पाहण्याची किंमत माणसाच्या अर्भकांनीही मोजली आहे. मज्जासंस्था अपक्व असल्याने नवजातांना वेदना जाणवत नाहीत, या समजुतीमुळे आणि भुलीच्या धोक्याच्या भीतीमुळे १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्यावर अनेकदा नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, अकाली जन्मलेल्या बाळांना फेंटॅनिल हे वेदनाशामक दिल्यास शरीरातील ताणाची संप्रेरके कमी वाढतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही घटते. ती बाळे बोलू शकत नव्हती, एवढ्यावरून त्यांची वेदना नाकारणे हा अन्यायच होता, आणि खेकड्याला वेगळा निकष लावण्यास सबळ आधार दिसत नाही.

ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक अभ्यास तपासल्यानंतर २०२२ च्या प्राणी-संवेदनक्षमता कायद्यात खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपस यांचा समावेश झाला. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस वगळता प्रत्येक सजीव प्राण्याला संरक्षण आहे. अन्नासाठी मारण्यास त्यात सूट असली, तरी मारताना अनावश्यक वेदना दिल्यास ती सूट मिळत नाही. स्वित्झर्लंडने २०१८ पासून शेवंड बेशुद्ध न करता उकळत्या पाण्यात टाकण्यास बंदी घातली आहे, आणि जिवंत खेकडे शिजवणाऱ्या कोकणातल्या स्वयंपाकघरांतही तेवढी काळजी सहज घेता येईल.