घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना तालुक्याच्या आधी एक गोष्ट विचारली जाते: गाव घाटावरचं की घाटाखालचं? घाटावर म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. प्रश्नामागे बऱ्याचदा पाण्याचा हिशेब असतो. लेक द्यायची तर तिथल्या विहिरीचं पाणी कसं आहे, हे तिच्या आईला आधी कळायला हवं असतं.

दोहोंच्या मधे अजिंठ्याची डोंगररांग आहे आणि बुलढाणा शहर तिच्या काठावर बसलंय. शहराच्या आसपास उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि पुढे गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जाते. राजूर घाट उतरला की पाण्याचं तोंड फिरतं. नळगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. एकाच ढगातून पडलेल्या सरीची अशी दोन समुद्रांत वाटणी होते.

घाटावरचं पाणी गोड, पण ते टिकत नाही. काळा पाषाण आणि वर मातीचा पातळ थर. पाऊस पडतो आणि वाहून जातो. हे दुखणं जुनंच. सिंदखेडराजाला जाधवांच्या काळातला मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, शिल्पांनी भरलेली पुतळा बारव आहे. जिजाऊंचं जन्मस्थान बघायला येणारे बहुतेक जण वाडा पाहून गाडीत बसतात. तलावाच्या भिंतीपर्यंत फारसं कुणी जात नाही. अलीकडे महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाले खोल करून घेण्याची पद्धत इथे रुळली. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून तिचं देशभर नाव झालं. रस्त्याला मुरूम मिळाला, गावाला पाणी. कल्पना झकासच. फक्त मुरमाच्या हव्यासापायी तलावाचा पाणी धरणारा तळच खरवडला जाऊ नये, एवढं भान पोकलेनवाल्यापेक्षा गावाने ठेवायला हवं.

घाटाखाली, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, गोष्ट उलटी. तिथे पाणी आहे, पण ते खारं. हा खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, शेगाव या भागांत त्याची झळ लागते. नदीने आणलेल्या गाळाचे खोलच खोल थर, त्यांत युगानुयुगं साठलेले क्षार आणि त्यांचा निचरा व्हायला वाट नाही. अशा पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आतून पांढरा थर धरतो. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या गावांत वर्षानुवर्षांची आहे. वान धरणावरून १४० गावांसाठी नळयोजना झाली, पण नळाला खाडा पडला की हातपंप आहेच. ज्याला परवडतं तो आरओचा जार आणतो. जार भरताना उरलेलं जास्तच खारं पाणी कुठे सोडतात, हे मात्र कुणी विचारत नाही.

शेताचं आणखी अवघड. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर त्यातलं सोडियम काळ्या मातीला चिकटतं, माती फुगते, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. म्हणजे विहीर असून शेती कोरडवाहू. यावर उतारा त्याच मातीत सापडला. जी माती पाणी मुरू देत नाही, तिच्यात खोदलेल्या शेततळ्याला बहुधा प्लास्टिकचं अस्तर लागत नाही! पावसाचं गोड पाणी वरच्या वर धरायचं. फक्त इतकं खोल जायचं नाही की खालचं खारं पाणी वर डोकावेल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाण गावं घेतली, त्यांत अशा शेततळ्यांवर भर होता.

आता सगळ्यांचे डोळे वैनगंगा-नळगंगा जोडकालव्याकडे लागले आहेत. सव्वाचारशे किलोमीटरच्या या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. पाणी येईल तेव्हा येवो. पण निचऱ्याचे चर न काढता खारपाणात कालवा नेला, तर खालचे क्षार वर येणार, हे कोणताही जुना शेतकरी सांगेल.

आणि लोणार या दोन्ही हिशेबांत बसत नाही. उल्केच्या आघाताने पाषाणात पडलेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं हे विवर. पाणी आत येतं, बाहेर जात नाही, नुसतं आटतं. म्हणून ते खारं आणि अल्कधर्मी. ‘ऐन-ए-अकबरी’त या भागातल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाची नोंद आहे. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं.

इथलं प्रदूषण नेहमीच्या अर्थाने कळत नाही. या तळ्याला गोडं पाणीच बाधतं. गावाचं सांडपाणी, शेतातून झिरपणारी खतं आणि वरून येणारं जादा पाणी, यांनी खार पातळ होतो आणि त्या खारावर जगणारे जीव हटतात. सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात २००९ पासून आहे. २०२५ मध्ये तर पाणी काठावरच्या कमळजा देवीच्या देवळात शिरलं. इतर कुठे तळं भरलं म्हणून ओटी भरली असती. इथे अभ्यासक चिंतेत पडले.

विवराच्या कडेला धार आहे. गोमुखातून बारमाही पडणारं ते पाणी गोड. लोक अंघोळ करतात, तीर्थ म्हणून बाटलीत भरून नेतात. मी पुडीतली हळद तळहातावर घेऊन त्या पाण्यात कालवली, पिवळीच राहिली. मग झाडीतली पायवाट उतरून तळ्याच्या काठाशी गेलो आणि तिथल्या पाण्याचे चार थेंब हळदीवर टाकले. कुंकवासारखी लाल झाली.