आधी पोट, मग टेस्टोस्टेरॉन

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या चाळिशीतल्या पुरुषाचं पोट सुटलं, दमायला होऊ लागलं, की ‘टेस्टोस्टेरॉन कमी झालंय, ते भरून काढ’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन्हींचा संबंध खरा आहे. क्रम मात्र बहुतेकदा उलटा असतो. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं, यकृतात बनणारं प्रथिन घटतं. मोकळं हार्मोन पुरेसं असूनही रिपोर्टमधला एकूण आकडा त्यामुळे खाली दिसू शकतो. लठ्ठपणा फार वाढला तर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशही मंदावतो. वजन उतरलं की आकडा पुन्हा चढतो. ‘मी कुठे जाडा आहे?’ हा बचाव आपल्याकडे टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून वजनकाट्याआधी टेप घ्यावी. भारतीय पुरुषाचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

चाचणीची वेळही महत्त्वाची. रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा द्यायचं असतं. नेमका तेव्हा ठाणे-कल्याणचा नोकरदार गाडीत लटकलेला असतो. संध्याकाळी दिलेल्या नमुन्यात आकडा मुळातच कमी येतो. त्यात अपुरी झोप. २०११च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आठवडाभर रोज पाचच तास झोपलेल्या निरोगी तरुणांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं होतं.

‘आधी पोट’ या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप ऑस्ट्रेलियातून येतो. तिथल्या १,००७ पुरुषांच्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना मधुमेह आढळला, नकली (प्लासिबो) इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण आहार-व्यायामाचा कार्यक्रम दोन्ही गटांना होता, आणि टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं. वृषणांचा किंवा पिट्यूटरी ग्रंथीचा खरा आजार असेल तर हार्मोन द्यावंच लागतं, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. जिममधल्या ओळखीवर इंजेक्शन घेणाऱ्या तिशीतल्या तरुणाची गोष्ट निराळी: बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणूंची निर्मितीही खालावते, आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात.