खणलं किती, भरलं किती? खानदेशी मातीचं चटपटीत गणित

सर्व्हेइंगच्या पेपरात कटिंग-फिलिंगचं गणित ठरलेलं. पोरं सूत्र घोकतात, आकडे टाकतात आणि पुढे जातात. पण जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला हे गणित गावाच्या वेशीवरच मांडलेलं दिसतं.

शिरपूरचा एक तुकडा
धुळे जिल्ह्यातला ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणजे खोदकामाचा मोठा धडा. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले. समजा, एक नाला 20 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल केला. भिंती सरळ धरल्या, तर 100 मीटर लांबीत खोदाई होते 20,000 घनमीटर. एका घनमीटरात 1,000 लिटर पाणी मावतं. म्हणजे हा तुकडा एकदा भरला की 2 कोटी लिटर! जलसंधारणाच्या कागदांवर दिसणारा ‘टीसीएम’ म्हणजे हजार घनमीटर. आपला तुकडा झाला 20 टीसीएम.

पेपरात घनमीटर, बाजारात ब्रास
मुरूम मागवायला गेलात की भाव ब्रासचा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. वरचा तुकडा सात हजार ब्रासच्या पुढे जातो.

नाला एक, उत्तरं तीन
वही काढा. तळाची रुंदी 10 मीटर, बाजूचा उतार 1:1. दर 20 मीटरवर खोली 1, 2 आणि 3 मीटर. छेदांची क्षेत्रफळं येतात 11, 24 आणि 39 चौरस मीटर. सरासरी खोली धरून 40 मीटरचं उत्तर 960 घनमीटर. ट्रॅपेझॉइडल रीतीने 980. प्रिझमॉइडलने 973.33, आणि खोली अशी एकसारखी वाढत असेल तर हेच तंतोतंत बरोबर. 980 आणि 973.33 मधला फरक किरकोळ वाटतो, पण तो सव्वादोन ब्रासहून जास्त आहे. असे 25 तुकडे म्हणजे एक किलोमीटर. तिथे फरक जातो सुमारे 59 ब्रासवर. बिल कुणाला तरी भरावंच लागतं!

प्रिझमॉइडलच्या मुळाशी असलेला नियम सिम्प्सनच्या नावाने चालतो. हे थॉमस सिम्प्सन आधी विणकर होते. पण त्यांच्या शंभरेक वर्षं आधी, 1615 साली, ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लरने दारूच्या पिंपांचं घनफळ मोजण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. जर्मन भाषेत हा नियम आजही केप्लरचा पिंप-नियम म्हणून शिकवतात.

काळ्या मातीचा हट्ट
पुस्तकातलं आदर्श उत्तर असं की जेवढं खणलं तेवढंच भरलं, बाहेरून काही आणायला नको. खानदेशात ते बरेचदा जुळत नाही, आणि चूक गणिताची नसते. कपाशीला मानवणारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जिचा मुक्त फुगवटा निर्देशांक 50 टक्क्यांवर जातो, ती माती महामार्गाच्या भरावात वापरायला मनाई आहे. म्हणजे कटिंगमधली माती बाजूला टाका आणि मुरूम लांबून आणा. मात्र धरणातला गाळ शेतकरी आनंदाने शेतात नेऊन पसरतात. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून त्यावरच उभी आहे. इथे कटिंग धरणात होतं आणि फिलिंग शेतात. मला हा हिशेब सगळ्यात आवडतो.

आणखी एक फसगत. जमिनीतली 1 घनमीटर साधी माती उकरली की ढिली होऊन सव्वा घनमीटरच्या आसपास जाते. काळा पाषाण फोडला तर दीडपट किंवा जास्त. डंपरच्या फेऱ्या ढिल्या मापाने मोजायच्या, हे विसरू नका.

पांझरेकाठचा नवखा इंजिनिअर
याच खानदेशी मातीत एक नामवंत इंजिनिअर शिकला. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पांझरा खोऱ्यात, दातर्तीला: पाणी प्रवाहापलीकडे नेणारा नळाचा सायफन. म्हणजे अभियंता दिन ज्यांच्या नावाने साजरा होतो, त्यांची उमेदवारी धुळ्यात झाली.

आणि हे मोजमाप फक्त इंजिनिअरच्या कामाचं नाही. रोजगार हमीच्या कामावर तर घनमीटर म्हणजे थेट मजुरी. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली टेपने घेऊन ती मोजमाप पुस्तिकेत चढते आणि त्यावर दाम ठरतो. म्हणून दशांश चिन्ह नीट द्या.

पेपरला जाणाऱ्यांनी एवढं करा: छेद आधी मोजा. संख्या विषम असेल तर प्रिझमॉइडल सरळ लावा. सम असेल तर शेवटचा तुकडा ट्रॅपेझॉइडलने वेगळा काढून बेरीज करा. आणि पावसाआधी दोघा मित्रांना घेऊन, टेप आणि काठी हाती धरून गावच्या कोरड्या नाल्याचे पाच छेद घ्या. सरावाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.